मध्यस्थाविना एक वर्ष : वेबकॉमिक्स, २०१२

जानेवारी २०१२ मध्ये रिच बर्लू या अमेरिकी चित्रकथाकाराने आपल्या वाचकांपुढे एक अडचण मांडली. ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ ही त्यांची चित्रकथा २००३ पासून इंटरनेटवर फुकट वाचायला मिळत होती. तिची पुस्तके ते स्वतःच काढत. त्यांतल्या एका पुस्तकाच्या प्रती संपल्या होत्या. वाचक मागणी करत होते, पण पुनर्मुद्रणाला लागणारी रक्कम हाताशी नव्हती. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर बर्लू यांनी ५७,७५० डॉलर मागितले. २१ फेब्रुवारीला वर्गणी बंद झाली तेव्हा १४,९५२ लोकांनी मिळून १२,५४,१२० डॉलर दिले होते. तेव्हाच्या दराने ही रक्कम सहा कोटी रुपयांच्या वर जाते. आणि ज्या कथेसाठी हे पैसे आले, ती सगळ्यांना फुकट वाचायला उघडीच होती.

हे पुस्तक त्या एका वर्षाविषयी आहे. वेबकॉमिक्स, म्हणजे इंटरनेटवरच पहिल्यांदा प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथा आणि चित्रमालिका, २०१२ च्या आधीही होत्या आणि नंतर त्यांचा पसारा कितीतरी पटींनी वाढला. तरीही या कलेची आजची घडण समजून घ्यायची असेल तर २०१२ पाशी थांबावे लागते, असे माझे ठाम मत आहे. काय छापायचे आणि काय नाही हे ठरवणारा संपादक, वितरक, प्रकाशक या वर्षी चित्रकार आणि वाचक यांच्यामधून बाजूला झाला आणि दोघे समोरासमोर उभे राहिले. त्यामुळे वाचकांचे पैसे थेट चित्रकाराच्या हाती आले. त्याच वाटेने वकिलाची नोटीस आणि पोलिसांचे बोलावणेही थेट त्याच्याच दारात आले. या दोन्ही गोष्टी एकाच बदलाच्या पोटातून निघाल्या, आणि पुढच्या प्रकरणांमध्ये त्या एकत्रच वाचाव्यात अशी माझी विनंती आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिका मोठ्या वितरण संस्थांमार्फत शेकडो वर्तमानपत्रांना विकल्या जात. त्या संस्थेने निवडले तर चित्रकाराचे आयुष्य मार्गी लागे, आणि नाकारले तर त्याचे काम घरच्या कपाटात राही. १९९० च्या दशकात इंटरनेट आले आणि निवडीची ही अट गळून पडली. कोणीही चित्र काढावे, चढवावे, जगाने पाहावे अशी सोय झाली. प्रश्न उरला तो पोटाचा. स्कॉट मॅक्लाउड या चित्रकथाकाराने २००० साली ‘रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स’ या पुस्तकात दोन मोठी भाकिते केली होती. पहिले असे की, कागदाच्या चार कडा गेल्यावर चित्रकथेला अमर्याद पट मिळेल. पडदा ही त्या पटाकडे पाहण्याची एक खिडकी असेल. दुसरे असे की, वाचक थेट चित्रकाराला अगदी छोट्या रकमा देईल आणि त्यावर चित्रकार जगेल. २००३ मध्ये त्यांनी स्वतःची एक चित्रकथा २५ सेंटांना विकून पाहिली. त्यासाठी वापरलेली बिटपास ही सेवा २००७ मध्ये बंद पडली. वाचण्याआधी पैसे मागितले की वाचक पाठ फिरवतो, असा धडा बहुतेकांनी त्यातून घेतला.

मग एक वेगळी रीत रुळली. चित्रकथा फुकट ठेवायची. पैसे मिळवायचे ते जाहिरातींतून, टी-शर्टमधून, संमेलनांत टेबल मांडून विकलेल्या पुस्तकांतून. ‘डायनासोर कॉमिक्स’चे रायन नॉर्थ यांनी २००६ मध्ये प्रोजेक्ट वंडरफुल ही जाहिरातींची व्यवस्था उभारली. छोट्या चित्रकथेलाही दिवसाच्या भाड्याने आपली जागा लिलावात देता यावी, हा तिचा हेतू होता. या रीतीवर काही जणांचे घर चालले. पण तिच्यातली मेख अशी की, चित्रकथा आणि उत्पन्न यांचा सरळ संबंध राहिला नाही. ज्याची कथा लांब, गंभीर, टी-शर्टवर न मावणारी, त्याला कमी मिळायचे. पुस्तक छापायचे तर छापखान्याचे पैसे आधी भरायचे, गठ्ठे घरात रचायचे आणि मग गिऱ्हाइकाची वाट पाहायची.

किकस्टार्टरने नेमका हा क्रम उलटा केला. रक्कम ठरवायची, मुदत ठरवायची. मुदतीत ठरलेली रक्कम जमली तरच पैसे घेतले जातात, नाहीतर कोणाच्याही खात्यातून काही जात नाही. जमलेल्या रकमेतले पाच टक्के संकेतस्थळाचे. मराठी वाचकाला हे फारसे परके वाटू नये. प्रकाशनपूर्व नोंदणी करून मोठे ग्रंथ छापण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे आणि गावोगावची वाचनालये वर्गणीवरच उभी राहिली. फरक पडला तो वेगात आणि व्याप्तीत. आता वर्गणीदार जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात असू शकत होता आणि जमा रकमेचा आकडा सगळ्यांना दर क्षणाला दिसत होता.

बर्लू यांच्या मोहिमेत या आकड्याने मोठे काम केले. मूळ रक्कम लवकरच जमली. मग त्यांनी पुढचे टप्पे जाहीर केले: अमुक रक्कम झाली की दुसरे संपलेले पुस्तकही छापू, तमुक झाली की तिसरे. त्यांच्या पात्रांचे हातपाय म्हणजे नुसत्या रेघा, डोकी म्हणजे गोल. काल्पनिक युद्धखेळातल्या वीरांची ही कथा त्यांनी अशा काड्यांच्या माणसांतून शेकडो भाग नेली होती. चित्र साधे असले तरी पात्रांवर वाचकांचा जीव होता. एका पुस्तकाच्या पुनर्मुद्रणासाठी निघालेली मोहीम अख्खी मालिका पुन्हा बाजारात आणून थांबली. ज्या वाचकाने नऊ वर्षे काहीही दिले नव्हते, तो देऊ इच्छित होता. त्याला देण्याची जागा मिळाली नव्हती. मॅक्लाउड यांचे दुसरे भाकीत वेगळ्या वाटेने खरे ठरले. वाचक आधी वाचतो, जीव लावतो आणि मग आपणहून पैसे देतो, हे त्या महिन्यात आकड्यांनिशी सिद्ध झाले.

यानंतर वर्षभर रांग लागली. जुलैत ‘पेनी आर्केड’च्या जेरी होल्किन्स आणि माइक क्राहुलिक यांनी अडीच लाख डॉलर मागितले. बदल्यात काय? संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावरची जाहिरात वर्षभर काढून टाकू. १९९८ पासून चालणारी ही मालिका तोवर एक भरभक्कम व्यवसाय झाली होती आणि खेळप्रेमींची मोठी संमेलने भरवत होती. म्हणून आक्षेपही आले. ज्यांचे नीट चालले आहे त्यांनी वर्गणी का मागावी? वाचकांनी ५,२८,१४४ डॉलर देऊन उत्तर दिले. त्याच पैशांतून पुढे बारा चित्रकथाकारांची स्पर्धा दाखवणारा ‘स्ट्रिप सर्च’ हा कार्यक्रम निघाला. सप्टेंबरमध्ये अँड्र्यू हसी यांनी ‘होमस्टक’ या आपल्या वेबकॉमिकवर आधारित संगणकीय खेळासाठी सात लाख डॉलर मागितले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला २४,८५,५०६ डॉलरवर मोहीम संपली. वर्षअखेरीस रायन नॉर्थ यांनी ‘हॅम्लेट’ची अशी आवृत्ती योजली की, वाचकाने प्रत्येक वळणावर पुढे काय करायचे ते निवडावे. त्यांनी २०,००० डॉलर मागितले आणि ५,८०,९०५ मिळाले.

हे आकडे डोळे दिपवतात, म्हणून त्यांच्या मागची बाजू आवर्जून सांगितली पाहिजे. वर्गणी म्हणजे नफा नव्हे. ते दिलेले वचन असते. हजारो घरांना पुस्तके, चित्रे, चुंबकपट्ट्या पाठवायच्या म्हणजे छपाई, खोकी, टपालखर्च, आणि हे सगळे एकट्या चित्रकाराच्या डोक्यावर. बर्लू यांनी देणगीदारांना कबूल केलेल्या जादा कथा पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागली. हसी यांच्या खेळाचा पहिला अंक सप्टेंबर २०१७ मध्ये आला, वर्गणी जमल्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी. पूर्वी उशीर झाला तर प्रकाशक कारणे द्यायचा. आता प्रत्येक वाचक थेट चित्रकाराला विचारू लागला आणि तो प्रश्न विचारण्याचा त्याला हक्कही होता.

वाचकांची ही ताकद केवळ पुस्तके काढण्यापुरती नव्हती, हे ‘द ओटमील’च्या प्रकरणात दिसले. ही चित्रमालिका काढणाऱ्या मॅथ्यू इनमन यांची चित्रे दुसऱ्या एका संकेतस्थळावर त्यांच्या नावाशिवाय चढवली जात होती. २०११ मध्ये त्यांनी याविषयी उघड तक्रार लिहिली. जून २०१२ मध्ये त्या संकेतस्थळाच्या वकिलाने उलट त्यांनाच बदनामीची नोटीस धाडून २०,००० डॉलर मागितले. चित्रकार एकटा असला की अशी नोटीस त्याला गप्प करायला पुरेशी असते. वकिलाची फी त्या रकमेहून जास्त होते. इनमन यांनी नोटीस आपल्या उत्तरासह जाहीर केली आणि वाचकांना सांगितले की, तेवढीच रक्कम आपण गोळा करू, पण ती जाईल वन्यजीव संरक्षण आणि कर्करोगविरोधी काम करणाऱ्या दोन संस्थांना. २०,००० डॉलर तासाभरात जमले आणि अखेरची रक्कम दोन लाखांवर गेली. वकिलाने इनमन, वर्गणी गोळा करणारे संकेतस्थळ आणि दोन्ही संस्था यांच्यावर दावा ठोकला आणि काही आठवड्यांत तो मागे घेतला. चोरीच्या चित्रांचा कायदेशीर प्रश्न यातून सुटला नाही. तो आजही तसाच आहे. पण एकटा चित्रकार एकटा नसतो, हे सगळ्यांना कळून चुकले.

ऑगस्टमध्ये त्याच इनमन यांनी आणखी मोठे काम हाती घेतले. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाची न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथे प्रयोगशाळा होती. तिथला प्रचंड मनोरा १९१७ मध्ये पाडला गेला, पण इमारत शिल्लक होती आणि ती जागा विक्रीला निघाली होती. एक सेवाभावी संस्था ती विकत घेऊन संग्रहालय करू पाहत होती. इनमन यांनी टेस्लावर काढलेली चित्रकथा त्याआधीच लाखोंपर्यंत पोचली होती. त्या वाचकांकडे त्यांनी साडेआठ लाख डॉलर मागितले आणि १३ लाखांहून अधिक आले. मे २०१३ मध्ये ती जागा संस्थेच्या नावावर झाली. एका चित्रकथेने इतिहासातली एक वास्तू वाचवल्याचे इतके ठोस उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

आता मॅक्लाउड यांच्या पहिल्या भाकिताकडे, म्हणजे अमर्याद पटाकडे, वळू. रँडल मनरो पूर्वी नासासाठी काम करायचे. २००५ पासून त्यांची ‘एक्सकेसीडी’ ही मालिका सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी नेमाने निघते. तिच्यातली माणसेही काड्यांचीच, विषय मात्र गणित, भौतिकशास्त्र, संगणक आणि प्रेम. २०१२ मध्ये मनरो यांनी तीन गोष्टी केल्या. १ एप्रिलला त्यांनी असे चित्र चढवले की, ते पाहणारा कोणता ब्राउझर वापरतो, कुठल्या प्रदेशात आहे, कुठून आला, यावर चित्रातला मजकूरच बदलायचा. जुलैत त्यांनी ‘व्हॉट इफ’ हे सदर सुरू केले. वाचकांनी अचाट प्रश्न पाठवायचे आणि त्यांनी भौतिकशास्त्राच्या नियमांनी ते तडीस न्यायचे. पहिला प्रश्न होता, बेसबॉलचा चेंडू प्रकाशाच्या वेगाच्या नव्वद टक्के वेगाने फेकला तर काय होईल? उत्तरात हवेच्या अणूंना चेंडूपुढून बाजूला व्हायला वेळच मिळत नाही आणि सगळे मैदान स्फोटात नाहीसे होते. गमतीच्या प्रश्नाला दिलेले हे उत्तर पूर्ण गांभीर्याने, आकडेमोड करून दिलेले होते.

तिसरी गोष्ट १९ सप्टेंबरची. त्या बुधवारी ‘क्लिक अँड ड्रॅग’ या नावाचे चित्र आले. वर काही छोट्या चौकटी, त्यांत फुग्याला धरून तरंगणारा एक माणूस. खाली एक मोठी चौकट: जमिनीचा तुकडा, बराचसा पांढरा अवकाश. पहिल्या नजरेत यात काही खास नाही. पण माउसने त्या चौकटीतले चित्र धरून ओढले की ते सरकते. आणखी ओढले की आणखी सरकते. उजवीकडे जावे तर मैलोगणती जमीन, झाडे, माणसे, त्यांची तुटक संभाषणे. वर जावे तर आकाशात चढत गेलेले मनोरे. खाली जावे तर बोगदे, गुहा, अंधारात चाललेली कुणाची तरी वाटचाल. पूर्ण चित्राची रुंदी १ लाख ६५ हजार पिक्सेलांहून अधिक. छापील पुस्तकाच्या दर्जाने कागदावर उतरवले तर ते १४ मीटर लांब होईल. पण पडद्यावर एका वेळी दिसते ती पुस्तकाच्या पानाहून लहान चौकट. त्यामुळे प्रत्येक वाचकाने वेगळे जग पाहिले. कोणी डावीकडे गेले, कोणी भुयारात हरवले, कोणी दोन मिनिटांत कंटाळून परतले आणि मित्राने सांगितल्यावर पुन्हा आत शिरले. खिडकीतून दिसणाऱ्या अमर्याद पटाची कल्पना बारा वर्षे सिद्धान्त म्हणून चर्चेत होती. ती इतक्या साध्या रेघांनी, इतक्या थोड्या दिखाव्याने, एका दिवसात लाखोंच्या हातात आली.

पट लांबवण्याचा दुसरा प्रयोग कोरियात आधीच रोजच्या वापरात होता. तिथल्या दाउम आणि नेव्हर या संकेतस्थळांनी २००३-०४ पासून उभ्या चित्रकथा, म्हणजे वेबटून, चालवल्या होत्या. वाचक बोटाने पान वर सरकवत जातो आणि चित्रे एकाखाली एक येत राहतात. दोन चित्रांमधली मोकळी जागा म्हणजे वेळ; ती वाढवली की शांतता पसरते, कमी केली की धावपळ जाणवते. मोबाइल फोनच्या अरुंद उभ्या पडद्याला ही मांडणी जणू मापात बसली. जानेवारी २०१२ मध्ये युन ते-हो यांची ‘मिसेंग’ ही मालिका दाउमवर सुरू झाली. ‘गो’ या पटावरच्या खेळात व्यावसायिक खेळाडू होण्याचे स्वप्न भंगलेला तरुण एका व्यापारी कंपनीत कंत्राटी नोकरीला लागतो, त्याची ही गोष्ट. १९८९ मधल्या एका गाजलेल्या सामन्यातली एकेक चाल प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर येते आणि खाली चालू असते कचेरीतली साधी घुसमट: फायली, साहेब, उशिरापर्यंतचे काम. पुढे तिच्यावर निघालेली दूरदर्शन मालिका कोरियाभर गाजली.

त्याच वर्षी कोरियात या कलेवर बंधनांचे सावटही आले. शाळांमधल्या हिंसेवरून देशभर संताप होता. नियामक मंडळाने फेब्रुवारीत २३ वेबटून मुलांना अपायकारक ठरवण्याची पावले उचलली. चित्रकारांनी एकजुटीने निषेध नोंदवला आणि अखेरीस चित्रकारांच्या संघटनेशी बोलून स्वनियमनाची वाट काढली गेली. नोव्हेंबरमध्ये कांग फुल यांच्या वेबटूनवरचा ‘२६ इयर्स’ हा चित्रपट आला. १९८० च्या ग्वांगजू हत्याकांडाच्या जखमेवरचा हा विषय असल्याने पैसे उभे राहत नव्हते. हजारो नागरिकांच्या वर्गणीने तो पूर्ण झाला. म्हणजे जी गोष्ट अमेरिकेत खेळ आणि पुस्तकांसाठी घडत होती, तीच कोरियात राष्ट्राच्या स्मृतीसाठी घडली.

जपानमधली एक तारीखही इथे नोंदवायला हवी. वन या टोपणनावाचा चित्रकार २००९ पासून ‘वन-पंच मॅन’ ही कथा स्वतः इंटरनेटवर चढवत होता. चित्रे ओबडधोबड, पण कल्पना अफलातून: एका ठोशात कोणालाही लोळवणारा, आणि म्हणूनच कंटाळलेला वीर. युसुके मुराता या कसलेल्या चित्रकाराने ती वाचली आणि स्वतःहून पुन्हा चितारायची तयारी दाखवली. १४ जून २०१२ रोजी शुएशा या प्रकाशनसंस्थेच्या संकेतस्थळावर नवी आवृत्ती सुरू झाली. वनने आपले मूळ रेखाटनही चालूच ठेवले. कलेच्या उतरंडीत खालचा समजला जाणारा हौशी चित्रकार आणि वरचा उस्ताद यांचे नाते इथे बदललेले दिसते.

याच वर्षी अमेरिकेत कलाशाळेत शिकणाऱ्या एन. डी. स्टीव्हन्सन यांनी ‘निमोना’ चढवायला सुरुवात केली. रूप पालटणारी एक हट्टी मुलगी आणि तिने निवडलेला खलनायक यांची ही कथा २०१५ मध्ये पुस्तक होऊन अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोचली आणि २०२३ मध्ये चित्रपट झाली. पुरस्कारांनीही दखल घेतली. विज्ञानकथांचा मानाचा ह्यूगो पुरस्कार चित्रकथा विभागात सलग तीन वर्षे ‘गर्ल जीनियस’ला मिळाला होता. तिच्या कर्त्यांनी २०१२ मध्ये स्पर्धेतून आपणहून माघार घेतली आणि तो उर्सुला व्हर्नन यांच्या ‘डिगर’ला मिळाला. ‘डिगर’ची नायिका एक वॉम्बॅट आहे. जमीन खणत वाट चुकलेला हा प्राणी जिथे वर निघतो ते असते एक देऊळ, आणि त्याच्याशी पहिल्यांदा सविस्तर बोलते ती तिथली गणेशाची मूर्ती. गणपती इथे शोभेसाठी आणलेला नाही. तो शांत, थोडा काळजीत पडलेला, आपल्याही ज्ञानाला मर्यादा आहेत हे मान्य करणारा आहे. मराठी वाचकाने ही कथा मिळवून वाचावी, असा माझा आग्रह आहे.

आणि मग मुंबई. कानपूरचे असीम त्रिवेदी यांनी भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या काळात ‘कार्टून्स अगेन्स्ट करप्शन’ नावाचे संकेतस्थळ काढले होते. संसद, संविधान, राष्ट्रचिन्ह यांच्या प्रतिमा मोडून त्यांनी जळजळीत व्यंगचित्रे काढली. डिसेंबर २०११ मध्ये, मुंबईत अण्णा हजारे यांचे उपोषण चालू असताना, मुंबई पोलिसांनी ते संकेतस्थळ बंद करवले. सप्टेंबर २०१२ मध्ये त्रिवेदी यांना मुंबईत अटक झाली. भारतीय दंडविधानाचे राजद्रोहाचे १२४-अ कलम, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ आणि राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्धचा कायदा, असे तीन आरोप. मुंबई उच्च न्यायालयाने ११ सप्टेंबरला जामीन दिला आणि दुसऱ्या दिवशी ते आर्थर रोड तुरुंगातून बाहेर आले. महिनाभराने राजद्रोहाचे कलम मागे घेण्यात आले.

त्यांची चित्रे कोणाला आवडोत वा न आवडोत. त्यांतली काही मलाही भडक वाटतात. पण महाराष्ट्राला व्यंगचित्राची थोर परंपरा आहे. इथे व्यंगचित्रकाराने ‘मार्मिक’ काढले आणि त्यातून एक राजकीय चळवळ उभी राहिली; इथे शि. द. फडणीस यांच्या निःशब्द चित्रांनी वाचकाला पाहायला शिकवले. या चित्रकारांच्या पाठीशी मासिक होते, वर्तमानपत्र होते, संपादकाची सही होती. संपादक कधी चित्र अडवायचा, पण चित्र छापल्यावर ढाल म्हणूनही तोच उभा राहायचा. त्रिवेदी यांच्यामागे तशी ढाल नव्हती. २०१२ च्या याच वर्षात कोलकात्यात एका प्राध्यापकाला व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली आणि नोव्हेंबरमध्ये पालघरमध्ये दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून. पालघरच्या घटनेनंतर ६६-अ कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. मार्च २०१५ मध्ये न्यायालयाने ते कलम रद्द केले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्रिवेदी प्रकरणातून निघालेल्या याचिकेवर निकाल देताना स्पष्ट केले की, हिंसेला चिथावणी असल्याशिवाय राजद्रोहाचे कलम लावता येत नाही. आज भारतात कोणीही घरी बसून चित्र काढतो आणि चढवतो, त्याच्या स्वातंत्र्याचा काही भाग २०१२ च्या या अटकांमधून, त्या सोसणाऱ्या माणसांमुळे मिळालेला आहे.

या वर्षाची आणखी एक बाजू शांतपणे पाहायला हवी. सप्टेंबरमध्ये बर्लू यांच्या हाताला काचेने खोल जखम झाली. चित्रकथा थांबली. लाखो डॉलरची वर्गणी असली तरी चित्र काढणारा हात एकच होता. ॲली ब्रॉश यांच्या ‘हायपरबोल अँड अ हाफ’ या संकेतस्थळावर ऑक्टोबर २०११ मध्ये नैराश्याविषयीची चित्रकथा आली आणि नंतर २०१२ चे अख्खे वर्ष तिथे काहीही आले नाही. मे २०१३ मध्ये त्या परतल्या तेव्हा त्याच नैराश्याचा पुढचा भाग घेऊन, आणि तो अनेकांना स्वतःचा वाटला. संपादक नसणे म्हणजे रजेचा अर्ज द्यायलाही कोणी नसणे. वाचकाशी थेट नाते जुळले की त्या नात्याचा भार एकाच माणसाच्या अंगावर येतो. म्हणून या पुस्तकात यशाच्या मोहिमांइतकीच जागा आजारपणाला, थांबलेल्या मालिकांना आणि उशिरा पोचलेल्या पुस्तकांना दिली आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये टॅपास्टिक हे चित्रकथांचे संकेतस्थळ सुरू झाले. २०१३ मध्ये दरमहा वर्गणीची सोय देणारे पॅट्रिऑन आले. २०१४ मध्ये नेव्हरच्या वेबटूनची इंग्रजी आवृत्ती निघाली. मोठ्या कंपन्या मधल्या जागेत पुन्हा येऊन बसल्या. आता कोणती चित्रकथा समोर यावी हे पुष्कळदा त्यांची गणिते ठरवतात. म्हणून २०१२ हे दोन व्यवस्थांच्या मधले, काही महिन्यांचे मोकळे मैदान होते असे म्हणता येईल. त्या मोकळ्या मैदानात काय शक्य होते हे लोकांनी करून दाखवले, आणि एकदा करून दाखवलेली गोष्ट अशक्य म्हणून उडवून लावता येत नाही.

हे सगळे मराठीत का सांगायचे? कारण आपल्याकडे चित्र काढणारी आणि गोष्ट रचणारी मुले भरपूर आहेत. त्यांना दिवाळी अंकातली एखादी जागा, वर्तमानपत्रातला एखादा चौकोन एवढेच क्षितिज दिसते. त्या जागा मोलाच्या आहेत आणि त्या टिकायला हव्यात. पण त्यांच्या पलीकडेही एक वाट आहे. ती कोणी, कोणत्या अडचणीतून, काय किंमत मोजून तयार केली हे ठाऊक असले तर आपली मुले ती डोळसपणे चालतील. मराठीत अशी दीर्घ चित्रकथा उभी राहायची असेल तर चित्रकाराइतकीच जबाबदारी वाचकाची आहे. फुकट मिळते ते वाचावे, मनापासून वाचावे, चित्रकाराचे नाव न खोडता पुढे पाठवावे. त्याने हात पुढे केला की वर्गणी द्यावी. उशीर झाला तर धीर धरावा. आणि त्याच्या दारात नोटीस किंवा पोलीस आले तर त्याच्या शेजारी उभे राहावे. २०१२ मध्ये हजारो अनोळखी वाचकांनी यातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे करून दाखवली. मराठी वाचक त्यांच्याहून कमी रसिक नाही, अशी माझी खात्री आहे, आणि त्याच खात्रीने हे पुस्तक त्याच्या हाती देत आहे.